स्क्रम घ्यावं, कानबान घ्यावं की तिसरंच काही?

प्रश्न : राजारामपुरीत आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. माणसं २६ : फाउंड्री ईआरपीवर (कारखान्याचा सगळा व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर) ९ प्रोग्रॅमर, साखर कारखान्यांच्या ऊस नोंद ते ऊसबिल पॅकेजवर ६, टेस्टर ३, डिझायनर १, ग्राहकाकडे जाऊन सिस्टीम बसवणारे आणि सपोर्टचे ५, आणि आम्ही दोघे संचालक. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलचे मिळून १८ फाउंड्री ग्राहक आहेत, कारखाने ७. फाउंड्रीचं जुनं सॉफ्टवेअर ग्राहकाच्याच सर्व्हरवर चालतं. त्याची क्लाउड आवृत्ती आता नव्याने लिहायला घेतली आहे. वर्षापूर्वी दोन आठवड्यांचे स्प्रिंट (कामाचे ठरावीक टप्पे) धरून स्क्रम ही पद्धत सुरू केली. दर स्प्रिंटला निम्मी कामं शिल्लक राहतात, सकाळची मीटिंग पाऊण तास चालते. भागीदार म्हणतात कानबान करू. पुण्याहून परत आलेला एक सीनियर प्रोग्रॅमर एक्सपीचा (एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग) आग्रह धरतोय, आणि एका सल्लागाराने सेफच्या (स्केल्ड अजाइल फ्रेमवर्क) प्रशिक्षणाचा प्रस्ताव दिलाय. चौघांना गुण देऊन तक्ता करावा असं मनात आहे. हंगामाच्या आत निर्णय हवा. काय करावं?
— एक संचालिका, कोल्हापूर

उत्तर : नमस्कार मॅडम. गुणांचा तक्ता करायला हरकत नाही, पण तो सगळ्यात शेवटी. आधी केलात तर बेरीज तुमची दिशाभूल करणार. समजा सेफला ‘कागदपत्रं’ या रकान्यात ८, ‘प्रशिक्षणाची सोय’मध्ये ९, ‘व्यवस्थापनाला दिसणारं चित्र’मध्ये ९ मिळाले आणि ‘आपल्या आकाराला साजेसं’ या एकाच रकान्यात १. बेरीज तरी २७ होते, आणि सेफ वरच्या नंबरात जाऊन बसतं. खरं तर त्या एका रकान्यातच ते बाद व्हायला हवं होतं. काही प्रश्न गुण देण्याचे नसतात, ते चाळणीचे असतात. आधी चाळायचं, मग उरलेल्यांना गुण.

दुसरी अडचण अशी की ही चार नावं एका पंगतीची नाहीत. स्क्रम कामाचा ताल, भूमिका आणि बैठका ठरवून देतं. कोड कसा लिहावा यावर ते अवाक्षर काढत नाही. एक्सपीचा सगळा भर नेमका तिथंच. कानबान नवी रचना आणत नाही. आहे ते काम जसं चालतं तसं मांडा, मोजा आणि आवर घाला, एवढंच सांगतं. सेफ हे अनेक टीमना एका जुवाला जोडण्यासाठी आहे. तेव्हा ‘यापैकी एक’ असा तुमचा प्रश्नच नाही. कुठल्या कामाला काय, असा तो आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात स्नोबर्ड इथं जे १७ जण जमले आणि ज्यांनी अजाइलचा, म्हणजे लहान टप्प्यांत, बदल पचवत सॉफ्टवेअर बनवण्याचा जाहीरनामा काढला, तेही स्क्रम, एक्सपी, डीएसडीएम, क्रिस्टल अशा वेगवेगळ्या घरांतून आलेले होते. त्यांचं एकमत झालं ते ४ मूल्यांवर आणि १२ तत्त्वांवर. एका पद्धतीवर झालंच नाही.

आधी मोजणी : काम येतं कसं?

पहिली आणि सगळ्यात मोठी चाळणी हीच. मागच्या ८ आठवड्यांची कामं एका शीटमध्ये उतरवा. ‘जिरा’ या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमधलीच नकोत, सपोर्टच्या फोनची वही, व्हॉट्सअॅप, ईमेल, आणि ‘सरांनी तोंडी सांगितलं’ हेही धरा. एका कामाला एक ओळ. रकाने इतकेच : कधी आलं, कधी हातात घेतलं, ग्राहकाकडे चालू कधी झालं, कुठल्या गटाचं, कुठल्या प्रकारचं, आणि ‘त्या आठवड्याच्या सोमवारी सकाळी हे काम आपल्याला माहीत होतं का?’ प्रकार चारच ठेवा : बंद पडलंय, कायद्याची तारीख आहे, ग्राहकाला बदल हवाय, नव्या उत्पादनाचं काम. दोन माणसांचं दोन दिवसांचं काम आहे हे. जुनी फाउंड्री, साखर आणि क्लाउड असे तीन गट मात्र वेगळे मोजा. सगळ्यांची मिळून सरासरी काढलीत तर ती तिघांपैकी कुणाचीच खरी नसेल.

आमचा ढोबळ ठोकताळा असा : एखाद्या गटात सोमवारी माहीत नसलेली कामं एक-तृतीयांशाच्या वर गेली, तर तिथं स्प्रिंट टिकत नाही. कारण साध्या हिशेबात आहे. तुमच्या फाउंड्रीच्या ९ जणांचे दोन आठवड्यांत १० दिवस धरले तर ९० मनुष्यदिवस होतात. सकाळची पाऊण तासाची मीटिंग १० दिवसांत साडेसात तास खाते, म्हणजे माणशी एक दिवस : ९ गेले. स्प्रिंटचं नियोजन, आढावा, मागे वळून बघण्याची बैठक यांत माणशी आणखी एक दिवस : अजून ९. उरले ७२. त्यातले ४० टक्के ग्राहकांच्या फोनवर गेले असं धरा, की हातात ४३ राहतात. तुम्ही काम घेतलं असेल ९० दिवसांचं. निम्मं शिल्लक राहणारच. त्यात पोरांचा आळस शोधू नका.

बाकीच्या चाळण्या भराभर. एकाच कोडमध्ये किती जणांचे हात आहेत? ग्राहकाकडचा खरा वापरणारा माणूस दर पंधरवड्याला तासभर मिळतो का? नवी आवृत्ती ग्राहकाकडे बसवायला किती तास जातात, आणि बसवल्यावर किती वेळा मागे घ्यावी लागते? आणि चूक झाली तर कुणाचं काय जातं? हा शेवटचा प्रश्न अॅलिस्टर कॉबर्न यांच्या क्रिस्टलमधला. टीमचा आकार आणि चुकीची किंमत अशा दोन अक्षांवर पद्धत किती ‘जड’ हवी ते ते ठरवतात. चुकीने फक्त गैरसोय होते, जुजबी पैसे जातात, जीव मेटाकुटीला आणणारे पैसे जातात, की खरोखर जीवच जातो, या त्यांच्या पायऱ्या. रिपोर्टमध्ये कॉलम पुढे-मागे झाला तर ती पहिली पायरी. ऊसबिल चुकलं तर तिसरी. म्हणून तुमचा साखरेचा गट माणसांनी लहान असला तरी त्याच्या तपासण्या फाउंड्रीपेक्षा कडकच हव्यात.

चाळणीतून काय उरतं

सेफ : नको. डीन लेफिंगवेल यांनी २०११ मध्ये आणलेली ही चौकट. तिचा मूळ घटकच ५० ते १२५ माणसांची ‘रिलीज ट्रेन’ आहे, आणि ८ ते १२ आठवड्यांचं एकत्र नियोजन. तुमची सगळी कंपनी, चहावाल्या मामांसकट, सगळ्यात लहान गाडीसुद्धा भरत नाही. लेस (२ ते ८ टीम) आणि नेक्सस (३ ते ९ टीम) आकाराने जवळ वाटतील, पण त्या एकाच उत्पादनावर राबणाऱ्या टीमसाठी आहेत. तुमची उत्पादनं दोन, आणि त्यांचा कोड एकमेकांना शिवतही नाही. तेही बाजूला.

स्क्रम : केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी १९९५ मध्ये मांडलेलं, सध्या चालू असलेली मार्गदर्शिका नोव्हेंबर २०२० ची, आणि ती मोजक्या पानांची आहे. सल्लागाराआधी ती वाचा. टीम साधारण १० किंवा त्याहून कमी. स्प्रिंट महिन्याहून मोठा नाही. सकाळची बैठक १५ मिनिटं. प्रॉडक्ट ओनर (काय आधी बनवायचं ते ठरवणारा) एकच माणूस, समिती नव्हे. स्प्रिंटला एक उद्दिष्ट. कामांची नुसती यादी नव्हे. तुम्ही वर्षभर केलंत त्यात यातलं स्प्रिंटचं कॅलेंडर तेवढं होतं. पण म्हणून स्क्रम टाकाऊ ठरत नाही. ‘नेमकं काय बनवायचं’ हेच जिथं अजून उलगडायचंय, तिथं ते चांगलं चालतं. तुमच्याकडे अशी एकच जागा आहे, क्लाउड.

कानबान : मूळ टोयोटात, ताइइची ओनो यांच्याकडे, सॉफ्टवेअरमध्ये ते रुजवलं डेव्हिड अँडरसन यांनी. भिंतीवर फळा लावून चिठ्ठ्या चिकटवल्या म्हणजे कानबान झालं, असं नाही. एका वेळी किती कामं हातात असतील याला मर्यादा घालणं हा त्याचा जीव आहे. हिशेब जॉन लिटल यांच्या नियमाचा : हातातली कामं भागिले आठवड्याला संपणारी कामं, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी काळ. हातात ४२ कामं आणि आठवड्याला १२ संपतात, तर प्रत्येक काम सरासरी साडेतीन आठवडे रेंगाळणार. संपण्याचा वेग तोच ठेवून हातातली कामं १८ वर आणली तर दीड आठवडा. कुणी जादा राबलं नाही, नवी भरती नाही. मात्र हा नियम सरासरीचा आहे आणि काम येण्या-जाण्याचा वेग साधारण स्थिर असताना लागू पडतो. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात त्याच्यावर बोट ठेवून ग्राहकाला तारीख देऊ नका.

एक्सपी : तुमच्या सीनियरचं ऐका, पण सगळं नाही. केंट बेक यांनी ही पद्धत १९९६ नंतर घडवली ती क्रायस्लर कंपनीच्या पगारबिलाच्या प्रकल्पावर. पगारबिल काय आणि ऊसबिल काय, जात एकच : ढीगभर नियम, ढीगभर कपाती, ठरलेली तारीख, आणि रुपया चुकला की दारात माणूस. म्हणून आपोआप चालणाऱ्या चाचण्या, रोजच्या रोज कोड एकत्र करणं आणि लहान लहान रिलीज हे तीन भाग तिन्ही गटांना लागू करा. जोडीने प्रोग्रॅमिंग फक्त धोक्याच्या जागी. ‘आधी चाचणी, मग कोड’ हा नियम जुन्या फाउंड्री कोडवर सरसकट लादू नका. त्या कोडची बांधणीच चाचणी लिहिता यावी अशी नाही. पोरं महिन्याभरात कंटाळून सोडून देतील, आणि वर एक्सपी फसलं म्हणतील.

आणि एक नाव तुमच्या यादीत नाही ते : डीएसडीएम. १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेली ही पद्धत आता फारशी कुणी विचारत नाही. पण तिचा एक नियम साखरेच्या गटाला चपखल बसतो : तारीख आणि माणसं पक्की, व्याप्ती लवचिक. कामांचे चार भाग करायचे : हवंच, असायला हवं, असलं तर बरं, या वेळी नाही. ‘हवंच’ या भागाची मेहनत एकूण मेहनतीच्या ६० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाही. का? उरलेले ४० टक्के हीच तुमची गादी. ‘हवंच’ ९० टक्के भरलंत तर एक प्रोग्रॅमर आजारी पडला की तारीख गेली. गळीत हंगाम काही तुमच्यासाठी थांबत नाही.

माणसांची मांडणी

क्लाउडला ५ प्रोग्रॅमर, १ टेस्टर, डिझायनर, आणि प्रॉडक्ट ओनर म्हणून सपोर्टमधली एक व्यक्ती, एकूण ८. जुन्या फाउंड्रीला ४ प्रोग्रॅमर, १ टेस्टर, सपोर्टचे २. साखरेला ६ प्रोग्रॅमर, १ टेस्टर, सपोर्टचे २. झाले २४, आणि तुम्ही दोघे. क्लाउडला स्क्रम, बाकी दोघांना कानबान.

प्रॉडक्ट ओनर सपोर्टमधून का? मेल्टिंगवाला हीट नंबर (एका वेळी वितळवलेल्या धातूचा क्रमांक) कधी टाकतो, स्पेक्ट्रोचा (धातूतले घटक मोजणारं यंत्र) रिपोर्ट येईपर्यंत काय थांबतं, फेटलिंगनंतर (ओतीव भागाची साफसफाई) रिजेक्शन कुणाच्या नावावर पडतं, हे शिरोलीच्या फ्लोअरवर उभं राहिलेल्यालाच कळतं. तुमचे भागीदार ही भूमिका स्वतः घेऊ पाहतील. नको. संचालक दिवसभर ग्राहकांकडे असतात, प्रश्नाला उत्तर संध्याकाळी मिळतं आणि तोवर दोन माणसं अंदाजाने काहीतरी बांधून मोकळी होतात. मात्र ज्याला नेमाल त्याला ‘नाही’ म्हणायचा हक्क तुम्ही सगळ्यांसमोर द्यायचा, आणि तुम्हालाही काही हवं असेल तर त्याच्याच रांगेत उभं राहायचं. संचालकांनीच रांग मोडली की तो माणूस दुसऱ्या आठवड्यापासून नावापुरता उरतो. स्क्रम मास्टर (पद्धत नीट चालते का ते बघणारा) टीममधलाच एक जण, अर्धा वेळ. तोही संचालक नको. नाहीतर सकाळची बैठक पुन्हा हजेरी देण्याची बैठक होते.

क्लाउडच्या स्प्रिंटचं उद्दिष्ट कसं असावं? ‘डेटाबेस पूर्ण’ किंवा ‘सगळ्या स्क्रीन तयार’ असं ठेवलंत तर चार महिने दाखवायला काहीच नसतं, आणि जोडणी करताना सगळं एकदम फुटतं. त्याऐवजी वरपासून खालपर्यंत एक उभी चीर : ‘एका हीटची नोंद मोबाइलवर होते, तिचं केमिकल (घटकांचं प्रमाण) चढतं आणि तिचं टेस्ट सर्टिफिकेट निघतं.’ ग्रेड एकच, ग्राहक एकच, पण काम पुरं. आढावा राजारामपुरीतल्या मीटिंग रूममध्ये घेऊ नका. मोबाइल घेऊन शिरोलीला जा आणि मेल्टिंग सुपरवायझरच्या हातात द्या. ४५ मिनिटं पुरतात. मालकाला दाखवलं तर तो रंगांबद्दल बोलेल. सुपरवायझर हातमोजे काढून बटण दाबायला लागतं का ते सांगेल.

फोनची खिंड

कोल्हापुरात ग्राहक सपोर्टच्या नंबरला फोन करत नाही, तो प्रोग्रॅमरला करतो. “अवो, जरा तेवढं एक बघा की, पाच मिनटांचं काम हाय.” संबंध घरचे असतात, नाही म्हणवत नाही, आणि त्या पाच मिनिटांत तासाभराची तंद्री मोडते. कानबानच्या दोन्ही गटांत आठवड्याला एक प्रोग्रॅमर खिंड लढवायला उभा करा. त्या आठवड्यात त्याला दुसरं काम द्यायचं नाही. येईल तो हल्ला त्याने घ्यायचा, बाकीचे पुढे जातात. ग्राहकांना प्रत्येक गटासाठी एकच नंबर द्या. बाकीच्यांना फोन आलाच तर उत्तर ठरलेलं : “नोंद करून घेतो साहेब, आज दुपारपर्यंत तुम्हाला फोन येईल.” आणि तो फोन खरोखर गेला पाहिजे. दोनदा गेला नाही की ग्राहक पुन्हा जुन्या नंबरावर, आणि या वेळी त्याची चूकही नसते.

क्लाउडच्या पाचांत जुन्या सॉफ्टवेअरचा जाणकार अडकणार, हे आम्ही न विचारता सांगतो. जीएसटीचा भाग ‘फक्त त्यालाच’ येत असेल. त्याला पूर्ण सोडवू नका, आठवड्यातून दोन ठरलेले तास जुन्या गटाला द्या, आणि त्या तासांत त्याने स्वतः कीबोर्डला हात लावायचा नाही. शेजारी बसून दुसऱ्याकडून करून घ्यायचं. साधारण चार आठवड्यांत फोन कमी होतात. तो स्वतःच सोडवत राहिला तर कधीच होत नाहीत.

साखरेचा फळा, जवळून

रकाने डावीकडून : नोंद, तपशील पुरा, काम चालू (४), तपासणी (३), कारखान्यात बसवायचं (२), चालू झालं. कंसातला आकडा म्हणजे मर्यादा. सहा प्रोग्रॅमरांतला एक खिंडीत. उरलेल्या पाचांना चार कामं, म्हणजे एका कामावर दोघे बसणारच. जोडी लावण्याचा हा बिनबोभाट मार्ग. तपासणीत तीन चिठ्ठ्या भरल्या की नवीन कोड लिहायचा नाही, टेस्टरच्या मदतीला जायचं. पहिले पंधरा दिवस इथंच कुरकुर होते : “मी रिकामा बसू काय?” हो, नाहीतर टेस्टिंग करा. ही कुरकुर सहन न होऊन मर्यादा वाढवली, की उरतो तो नुसता रंगीत फळा.

चिठ्ठीवर काय लिहायचं? ‘ऊसबिल चुकतंय, अर्जंट’ असं असेल तर ती ‘तपशील पुरा’मध्ये जाणार नाही. पुरी चिठ्ठी अशी : ‘पंधरवडा ४. एका सभासदाची दोन गावांत ऊस नोंद असेल तर सोसायटी कर्जाची कपात दोनदा लागते. अपेक्षित कपात १२,०००, आली २४,०००. सभासद कोड आणि वजन-पावत्या जोडल्या आहेत. बँक फाइल गेलेली नाही.’ शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण पैसे जमा झाल्यावर हीच चूक दहापट महाग पडते. आता प्रोग्रॅमरने कोड उघडण्याआधी हेच आकडे घालून चाचणी लिहायची. ती नापास होते. मग दुरुस्ती, ती पास होते. चाचणी कायमची राहते, आणि पुढच्या हंगामात कुणी कपातीचा क्रम बदलला तर ती रात्रीच्या बिल्डमध्येच (कोडच्या आपोआप जुळणीत) ओरडते. शेती विभागाचा फोन येईपर्यंत थांबावं लागत नाही.

तातडीची वेगळी ओळ ठेवा, पण तिथं एका वेळी एकच चिठ्ठी. निकष तीन : वजनकाटा थांबलाय, बिल निघत नाही, बँक फाइल परत आली. ती चिठ्ठी लावायचा हक्क ठरवून दिलेल्या दोघांनाच. नाहीतर महिन्याभरात सगळंच तातडीचं होतं.

तारखांकडे या. ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (केंद्राने ठरवलेला किमान ऊसदर) द्यावी लागते, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. म्हणजे बिलातली चूक दुरुस्त करायला कारखान्याकडे १४ दिवस नसतात. तपासणी, मंजुरी, बँक धरून तुमच्या वाट्याला दोन-तीन दिवस येतात. त्यामुळे ऑगस्टमध्ये कामांची ६०-४० विभागणी, सप्टेंबरमध्ये गेल्या हंगामाचे दोन पंधरवडे नव्या आवृत्तीवर पुन्हा चालवून रुपयापर्यंत जुळवणं, आणि मोळी टाकून गाळप सुरू झालं की नवं काही नाही, फक्त दुरुस्ती. हंगाम संपल्यावर बाजूला ठेवलेली नवी कामं पुन्हा उघडा. जुन्या फाउंड्री गटालाही असंच एक कॅलेंडर हवं : मासिक विवरण भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची तारीख ११, ३-बी ची २०, तेव्हा ८ ते ११ आणि १८ ते २० या दिवसांत आवृत्ती बसवायची नाही. आणि ई-इन्व्हॉइस अडलं की माल भरलेला ट्रक गेटवर उभा राहतो, म्हणून ते त्यांच्या तातडीच्या ओळीतलं पहिलं नाव.

पद्धतीच्या पलीकडचा एक रोग

पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण १८ ठिकाणी सर्व्हरवर बसवलेलं सॉफ्टवेअर म्हटलं की विचारावंच लागतं : प्रत्येक ग्राहकाच्या कोडची वेगळी प्रत आहे का? असेल तर एक दुरुस्ती १८ वेळा करावी लागते, टेस्टर दोन-चार ठिकाणी बघतो आणि बाकी देवावर. यावर ना स्क्रमकडे उतारा आहे ना कानबानकडे. एक प्रत मुख्य ठरवा. पुढे ज्या ग्राहकाचं काम निघेल त्याचे फरक तेव्हाच मुख्य प्रतीत आणा, फरक कोडमध्ये न ठेवता सेटिंगमध्ये ठेवा, आणि त्या ग्राहकाची जुनी प्रत बंद करा. महिन्याला एक ग्राहक जरी आला तरी दीड वर्षात सगळे येतात. सगळे एकदम करायचा मोह आवरा. एक्सपीतलं ‘रोज कोड एकत्र करा’ हे कलम प्रती १८ असताना निरर्थक आहे, म्हणून सीनियरला पहिलं काम हेच द्या.

बारा आठवड्यांनी तक्ता

सकाळची बैठक आजपासून तीन ठिकाणी, १५ मिनिटांची, उभ्याने. ‘काल मी काय केलं’ असं माणसागणिक विचारायचं नाही; फळ्यावर उजवीकडून डावीकडे यायचं, आणि प्रत्येक चिठ्ठीला एकच प्रश्न : ही पुढे सरकायला काय अडलंय? संपत आलेलं काम आधी संपतं.

मोजायचं तीनच : काम आल्यापासून ग्राहकाकडे चालू होईपर्यंतचे दिवस, मागे घ्याव्या लागलेल्या आवृत्त्या, आणि आठवड्याला तातडीच्या चिठ्ठ्या किती. दिवसांची सरासरी काढू नका, एक लांबलेलं काम तिला ओढून नेतं. शेवटची ४० कामं दिवसांप्रमाणे चढत्या क्रमाने लावा आणि ३४ वं बघा. ते १२ दिवसांचं असेल तर ग्राहकाला सांगता येतं की शंभरातली ८५ कामं १२ दिवसांत होतात. स्टोरी पॉइंट्सची (कामाच्या मेहनतीचे अंदाजे गुण) गटागटांत तुलना तर मुळीच नको; दोन महिन्यांत आकडे फुगतात, काम तेवढंच राहतं.

मग तुमचा गुणांचा तक्ता काढा, आणि गट वेगवेगळे ठेवून भरा. क्लाउडच्या स्प्रिंटमध्ये बाहेरची कामं एक-तृतीयांशाच्या खाली राहिली आणि बहुतेक वेळा उद्दिष्ट गाठलं, तर स्क्रम ठेवा. नसेल तर आधी खिंड कुठं फुटते ते बघा, नंतर पद्धत बदला. पहिले पाच ग्राहक क्लाउडवर आले की त्यांचे फोन सुरू होतील. तेव्हा तो गटही बहुधा कानबानकडे सरकेल. सरकू द्या.

सहकारी कारखान्याचं ठरीव रकमेचं टेंडर असेल तर ‘मॉड्युल पूर्ण झाल्यावर ३० टक्के’ असा टप्पा लिहून घेऊ नका. ‘कारखान्याच्या एका ऊस गटाचं एका पंधरवड्याचं बिल जुन्या बिलाशी जुळल्यावर’ असं लिहा. ‘पूर्ण’ कशाला म्हणायचं यावर अर्धी भांडणं होतात.

सल्लागाराला नाही म्हणायचं असेल तर सरळ विचारा : २६ माणसांच्या, दोन उत्पादनांच्या कंपनीत तुम्ही सेफ कुठं बसवलंय, आणि तिथं रिलीज ट्रेनमध्ये किती माणसं होती? उत्तर पटलं नाही तर त्याच पैशात दोन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण मागा, जुन्या कोडला चाचण्या कशा लावायच्या याचं, आणि सरावाला तुमचाच ऊसबिलाचा कोड द्या. हे जुलैत उरकलं तर सप्टेंबरच्या जुळवणीला उपयोगी पडेल.